कमळाबाईचा अंगठा आणि शुक्रवारची नवी गाणी

मित्रांनो, मी सांगणार आहे त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. मी एक जुना स्पीकर आहे. ठाण्याजवळच्या दिवा गावात हितेशच्या घराच्या ओट्यावर मी उभा आहे आणि माझ्या डोक्यावर पाण्याचं निळं पिंप आहे. इथे पाणी कधी येईल त्याचा नेम नाही, म्हणून पिंप भरलेलं लागतं. आणि त्याच्या तोटीखाली बादली मावावी म्हणून ते उंचावर लागतं. ती उंची म्हणजे मी.

डोंबिवलीच्या हरिहर सुताराने मला प्लायवूडमधून घडवलं. माझा पहिला ठोका पडला तेव्हा खाडीपलीकडचे बगळे रांगेत उभे राहून नाचले. हसू नका! आम्ही दोघे भाऊ जोडीने जन्मलो. गाणं अर्धं त्याच्या पोटात, अर्धं माझ्या. हितेश हळदीला डीजे वाजवायचा. एका हळदीत आम्ही दोघांनी अख्खा मांडव तीन हात सरकवला होता, नवरदेवासकट.

पण माझा खरा दिवस शुक्रवार. जगभरची नवी गाणी बहुतेक शुक्रवारी येतात. दुपारी आवाज बारीक ठेवून हितेश ती धुंडाळत बसायचा. कुठल्याशा थंड गावातल्या चार पोरांचा गिटारवाला बँड, दोनशे माणसांनीही न ऐकलेला. नाहीतर कुणी एकट्याने खोलीत बसून रचलेलं नाचाचं गाणं, ज्यात शब्दच नाहीत, नुसता ठोका. शेजारी त्याची आजी कमळाबाई कोलंबी सोलत असायची.

"या पोराच्या पोटात दुकतं का रं?" गिटारवाल्याचं ऐकून ती विचारायची.

"आजी, हा रॉक आहे. ऐक तर जरा."

"आयकतंय ना! दुसरा लाव."

हितेशची नजर मात्र तिच्या उजव्या पायावर. तोंडाने ती नावं ठेवेल, पण पायाचा अंगठा हलला की ते गाणं हळदीत वाजणार म्हणजे वाजणार. त्या अंगठ्याने निवडलेलं एकही गाणं कधी पडलं नाही.

मग लोकांना दिव्यांचे झगमगते ट्रक हवेसे झाले. आमची कामं आटली. भावाला कोपरीच्या एका मंडळाने नेलं. माझा आवाज जरा चिरका, म्हणून मी राहिलो. हितेश ठाण्यात नोकरीला लागला. नवी गाणी तो अजूनही शोधतो, पण कानात इअरफोनची बोंडं घालून, भिंतीला टेकून. त्याची मान हलते आणि ओटा गप्प असतो. कमळाबाई समोर बसून त्याच्या तोंडाकडे बघत राहते. मी पिंपातलं पाणी ऐकतो. आजही शुक्रवार आहे आणि आजही तसंच चाललंय.

येत्या रविवारी पिंपाला लोखंडी स्टँड येणार आहे. मग माझं काय, हे कोणी बोललेलं नाही. काल हितेश शेजाऱ्याकडे भंगारवाल्याचा नंबर मागत होता, तेवढं मी ऐकलं.

म्हणून सांगतो मित्रांनो, जुनी वस्तू टाकण्याआधी एकदा वाजवून बघा. आणि नवं गाणं सापडलं तर ते एकट्यानेच संपवू नका.

तसा मी अजून कामात आहे बरं का! गेल्याच शुक्रवारी हितेशने मला जोडलं. असं गाणं लावलं की डोक्यावरचं पिंप गरगरा फिरलं, पाण्याच्या लाटा थेट दिवा स्टेशनला जाऊन धडकल्या, आणि कमळाबाईचा नुसता अंगठाच नाही, अख्खा पाय...

"आरं ए थापाड्या!" कमळाबाई एवढ्यानं ओरडली की हातातली कोलंबी उडाली. "तुजी वायर मीच कारली, दोन वरसां झाली! लुगरा वालत घालते तिच्यावं!"

हितेशने एका कानातलं बोंड काढलं.

"आन् माजा पाय हलला आसता," ती म्हणाली, "त मना नसता कलला का रं?"