कच्चा बोल्ट

लांस-ओ-कोर्बो गावात पदपथावरचा बर्फ काढणारं एक ट्रॅक्टर आहे. पिवळं, ठेंगणं, एका माणसापुरती केबिन, चाकांच्या जागी रबराचे पट्टे आणि पुढे बर्फ गिळून नळकांड्यातून बाजूला भिरकावणारं भलंमोठं तोंड. गावात त्याला सगळे सुरवंट म्हणतात. या सुरवंटावर क्लोव्हिस बेर्जरोंने आपली उमर घालवली आणि तो निवृत्त झाल्यावर त्याची किल्ली धाकट्या बहिणीकडे, सोलांजकडे आली. पंचावन्नाव्या वर्षी बाई सुरवंटावर चढली म्हणून गावाने चार दिवस भुवया उंचावल्या. मग बर्फ पडला, पदपथ साफ झाले, आणि भुवया आपापल्या जागी गेल्या.

निवृत्त झाला तो क्लोव्हिसचा फक्त पगार. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, तसा क्लोव्हिस रोज सकाळी कॉफीचा मग घेऊन नगरपालिकेच्या गॅरेजात हजर. "डावा पट्टा सैल आहे." "ग्रीस द्यायला कंजुषी करतेस, घरचं लोणी आहे का ते?" "आरसा पुसलास? काय म्हणून पुसलास, कोटाच्या बाहीने?" सोलांजला सर्वांत जास्त चीड याची यायची, की त्यातलं निम्मं बरोबर असायचं. गॅरेजातून हाकलावं तर घरी जाऊन खिडकीत बसायचा, कारण त्याचं घर तिच्याच वाटेवर होतं. सुरवंट समोरून गेला की काचेआडून हात हलवून सांगायचा: नळकांडं वळव, वेग कमी कर, कडेला घे. उंटावरून शेळ्या हाकायची हौस इतर गावांतही असते, पण क्लोव्हिस स्वयंपाकघरातून सुरवंट हाकायचा.

शेवटी व्हायचं ते झालं. नोव्हेंबरात हिवाळ्याच्या तयारीला सोलांज सुरवंटाखाली आडवी पडून पट्ट्याचा ताण बसवत होती. गॅरेजातले सगळे आजूबाजूला. क्लोव्हिसने बुटाच्या टोकाने पट्टा ठोकला आणि म्हणाला, "अजून अर्धा फेरा." सोलांज सरपटत बाहेर आली. नाकाला ग्रीस, केसांत गंज.

"क्लोव्हिस, तुझी ड्यूटी संपली. घरी जा."

सगळे हसले. गॅरेजचा मुकादम एर्व्हे तर असा हसला, की त्याच्या हातातला पाना खाली पडला. क्लोव्हिसने कॉफीचा मग बाकावर ठेवला, टोपी घातली आणि गेला. त्या दिवसापासून भावाबहिणीचं बोलणं बंद.

बोललेल्याचा सोलांजला पश्चात्ताप नव्हता. चारचौघांत बोलल्याचा होता, आणि तो बुटातल्या खड्यासारखा टोचत होता. पण जाऊन सांगणार कोण? आई म्हणायची, माझ्या पोटची दोन्ही पोरं मोडतील पण वाकणार नाहीत. आई हे कौतुकाने म्हणते असं दोघांनाही वाटायचं.

नाताळच्या रात्री, चर्चमधून आल्यावर, सोलांजने नेहमीप्रमाणे मीट-पाय कापला, म्हणजे आईच्या कृतीचा, जाड कवचात डुकराचं मांस भरून भट्टीत भाजलेला. एक ताट जास्तीचं मांडलं. क्लोव्हिस आला नाही. त्याच्या वाटचा तुकडा तिने कागदात गुंडाळून बाल्कनीत बर्फात पुरून ठेवला. टाकवेना, आणि दुसऱ्याला द्यायची इच्छा नव्हती.

नव्या वर्षात तर कहरच झाला. क्लोव्हिसच्या दारासमोरच्या बर्फाच्या ढिगात एका सकाळी पाटी उगवली. खालची निम्मी बर्फात रुतलेली, पण वरची लाल अक्षरं रस्त्यापलीकडून दिसत होती: घर विकणे आहे. दुपारपर्यंत गावभर झालं, की क्लोव्हिस कायमचा फ्लोरिडाला चालला.

"तिथे जाऊन करणार काय गं तो?" एर्व्हेने विचारलं. "समुद्रावरची वाळू बाजूला सारणार?"

"मला काय विचारतोस? त्याला विचार."

"तू विचार की. भाऊ तुझा."

"आधी त्याने बोलावं."

"कठीण आहे बाबा तुम्हा बेर्जरों लोकांचं," एर्व्हे म्हणाला. "तुमच्या कपाळांवर सुरवंट घातला तर सुरवंट मोडेल."

सोलांज हसली नाही. तिला भीती वाटत होती. आई-वडील गेलेले, नवऱ्याशी केव्हाच फारकत झालेली. अंधाऱ्या पहाटे सुरवंट घेऊन निघालं, की पहिल्या वळणावरून क्लोव्हिसच्या स्वयंपाकघरातला दिवा दिसायचा. आता अबोला होता तरी दिवा होता, आणि दिव्याखाली त्याची टोपी होती. तिथे कुणी परका येऊन राहील, पडदे लावून आठ वाजेपर्यंत झोपेल, ही कल्पनाच तिला सोसवत नव्हती. पण हे सांगायला तोंड उघडावं लागतं, आणि तिथेच घोडं अडत होतं.

सहा जानेवारीचा तीन राजांचा सण झाला की गावातली नाताळची झाडं घराबाहेर निघतात. नगरपालिका दर वर्षी घसा फोडून सांगते, की झाड दारापुढच्या गाडीवाटेवर आडवं ठेवा, गाडी येऊन नेईल. आणि गाव दर वर्षी झाड बर्फाच्या ढिगात उभं खोचतं, कारण तसं ते छान दिसतं. मग वरून बर्फ पडतो, झाड गडप होतं, आणि सुरवंट ते गिळायला जातो. क्लोव्हिसने नोकरीभर या झाडांच्या नावाने जेवढ्या शिव्या घातल्या, तेवढ्या चर्चमध्ये प्रार्थना झाल्या नसतील.

यंदा सणानंतर दोन दिवस सलग बर्फ पडला. सोलांज पहाटे गॅरेजात आली. विजेरी घेऊन सुरवंटाभोवती फेरी मारली, तेल पाहिलं, पट्ट्यांतला ताण पाहिला, पट्ट्यांच्या आतल्या छोट्या चाकांच्या फटीत काल संध्याकाळी पहारीने कोरूनही राहिलेला बर्फ उकरला. तो तसाच राहिला तर रात्रीत दगड होतो आणि सकाळी पट्टा जागचा हलत नाही. मग सीटखालचा डबा उघडला.

"एर्व्हे, कच्चे बोल्ट दोनच?"

"दोनच. दुकानातलेही संपलेत. दुपारच्या गाडीने येतील. झाडं सांभाळ."

कच्चा बोल्ट म्हणजे मुद्दाम मऊ केलेला बोल्ट. तोंडातल्या, बर्फ गिळणाऱ्या मळसूत्राला तो फिरत्या दांड्याशी जोडून ठेवतो. तोंडात काही अडकलं की आधी तो तुटतो, आणि मागची गिअरबॉक्स वाचते. पलीकडच्या गावात एका शहाण्याने कच्चा मिळाला नाही म्हणून पक्का बसवला. बोल्ट शाबूत राहिला, गिअरबॉक्सचा चुरा झाला, आणि ते गाव वसंत येईपर्यंत रस्त्याच्या मधून चाललं.

पहिला बोल्ट तुटला बेकरीसमोर. दुसरा तुटला खुद्द पाद्रीबाबांच्या दारात. पाद्रीबाबा बाहेर येऊन म्हणाले, "अरेरे, कुणी ठेवलं असेल गं हे झाड इथे?" झाडावर त्यांच्याच हाताने लावलेला चांदणीचा तुकडा होता. सोलांजने तो त्यांच्या हातात दिला आणि "देव जाणे" म्हणाली.

आता डबा रिकामा. म्हणजे कच्च्यांनी रिकामा, तळाला एक पक्का बोल्ट कुठल्याशा कामाचा लोळत होता. उरली होती क्लोव्हिसची गल्ली, आणि गल्लीच्या टोकाला शाळा. सोलांज मुंगीच्या पावलांनी निघाली. ओळखीची पायरी आली, ओळखीचा आगीच्या बंबाचा नळ आला, बर्फाखाली कंबरेपर्यंत बुडालेली मरियामातेची मूर्ती आली, सगळ्यांना सोलांजने वळसा घातला. क्लोव्हिसच्या दारासमोर ती पाटी आली. तिच्याकडे न बघायचं ठरवून सोलांज पुढे बघत राहिली, आणि खाडकन आवाज झाला.

मळसूत्र थांबलं. तोंडातून हिरव्या फांद्या बाहेर डोकावत होत्या.

सोलांजने ठरल्याप्रमाणे सगळं केलं. जोडणी सोडली, तोंड जमिनीला टेकवलं, ब्रेक लावला, इंजिन बंद केलं, किल्ली काढून खिशात घातली. आतलं पातं पूर्ण थांबेपर्यंत सीटवर बसून राहिली. कितीही घाई असली तरी थांबायचं, कारण बंद मशीनही शेवटची एक गिरकी घेतं आणि त्या गिरकीला बोटं फार आवडतात. मग लाल रंगाची काठी घेऊन उतरली. हात कधीच घालायचा नाही, काठीच घालायची. हे सगळं करताना तिला पाठीवर नजर जाणवत होती. स्वयंपाकघराच्या खिडकीत टोपी होती.

आणि तिचं डोकं फिरलं. झाडांना जन्मभर शिव्या घालणारा हा माणूस, आणि याच्याच ढिगात झाड! घर विकायच्या आनंदात सगळं विसरला की काय? तिने काठीने फांद्या भराभर ओढून काढल्या. खोड बाहेर आलं तशी ती थबकली. खोड जागोजागी करवतीने निम्मं कापलेलं होतं. दिव्यांच्या माळेची तार उतरवलेली. लोखंडी स्टँड काढून टाकलेला. एक खिळासुद्धा नाही. बोल्ट तुटावा, पण सुरवंटाच्या दुसऱ्या कशालाही ओरखडा येऊ नये, असं कुणीतरी अगदी निगुतीने घडवलेलं झाड होतं ते.

कळलं तिला. कळलं आणि उलट रागच आला. म्हणजे स्वतः एक पाऊल यायचं नाही, मला दारात पाडून ठेवायचं आणि मग मी दार ठोठावायचं! ठोठावणारच नाही, बघ. शाळेच्या मुलांची वेळ होत आली होती, गल्ली साफ झाली नाही तर पोरं रस्त्यातून चालणार. सोलांजने सीटखालचा डबा ओढला, तळातला पक्का बोल्ट उचलला आणि मळसूत्रापाशी वाकली.

खिडकीच्या काचेवर अशी थाप पडली, की शेजारचं कुत्रं भुंकलं. दार उघडलं. क्लोव्हिस घरातल्या सपाता आणि नाइट ड्रेस घालून, उणे वीसमध्ये, पायऱ्या उतरून आला.

"टाक तो! टाक आधी! अक्कल गहाण ठेवलीस का?"

"बोललास," सोलांज म्हणाली. "आधी तू बोललास."

क्लोव्हिसच्या मिशीवर श्वासाचं दव गोठू लागलं.

"ते बोलणं नव्हतं," तो म्हणाला. "ती सूचना होती."

"झाड कुणी ठेवलं?"

"कोणतं झाड?"

"करवतीला विचारू?"

क्लोव्हिसने सपातांकडे पाहिलं. मग खिशात हात घालून एक कच्चा बोल्ट काढला आणि तिच्यापुढे धरला. बोल्ट कोमट होता. बराच वेळ मुठीत धरलेला असणार.

"किल्ली?" त्याने विचारलं. तिने खिशातून काढून दाखवली.

"पाहत होतो मी. पूर्ण थांबेपर्यंत बसून राहिलीस. उतरलीस ती काठी घेऊन."

"मग?"

"मग काय? बरोबर केलंस."

एवढ्या वर्षांत हे वाक्य त्याच्या तोंडून तिने पहिल्यांदा ऐकलं, आणि तिला काय करावं कळेना, म्हणून ती बोल्ट बसवू लागली. थंडीने डोळ्यांत पाणी येतंच.

"त्या दिवशी सगळ्यांसमोर बोलायला नको होतं मी," ती मळसूत्राकडे बघत म्हणाली.

"खोटं नव्हतं बोललीस. पण एर्व्हे हसला."

"एर्व्हे मयताला गेला तरी हसतो."

"ते आहेच." क्लोव्हिस एका पायावरून दुसऱ्या पायावर आला. "हळू आवळ. कच्चा आहे, तुटेल."

"तुटायलाच असतो तो. तूच शिकवलंस. आपल्या घरात एक जरी असता तरी नाताळ नीट झाला असता. आईला दोन्ही पक्केच झाले." पाना थांबवून तिने वर पाहिलं. "पण हा आलास कुठून घेऊन? एर्व्हे म्हणाला दुकानातले संपलेत."

क्लोव्हिसने नाइट ड्रेसचा दुसरा खिसा उलटा केला. मूठभर बोल्ट.

"संपलेतच. मीच घेतले."

"अरे देवा! आणि मी पाद्रीबाबांच्या दारात अडकून बसले असते म्हणजे?"

"तिथे आलो असतो."

"या सपाता घालून?"

"तिथे बूट घातले असते. पाद्रीबाबा आहेत ते."

सोलांज हसली. हसता हसता तिची नजर पाटीवर गेली आणि हसू आटलं. बोल्ट बसला होता, हात पुसून झाले होते, आणि विचारायचं तेवढं राहिलं होतं.

"ती पाटी पदपथावर झुकलीय," ती म्हणाली. "उद्या सुरवंट गिळेल तिला."

"बोल्ट आहेत माझ्याकडे."

"मुद्दाम मशीन मोडायची खोड तुझी, माझी नाही. ठेवायची असेल तर नीट रोव. नसेल तर काढ."

क्लोव्हिसने पाटीकडे पाहिलं, बहिणीकडे पाहिलं, आणि दोन्ही हातांनी पाटी धरून ओढली. ती सहज आली, कारण ती जमिनीत नव्हतीच, नुसती ढिगात खोचलेली होती. इतके दिवस बर्फात बुडालेला तिचा खालचा भाग आता उजेडात आला. तिथे फोन नंबरासाठी एक पांढरी चौकट होती. चौकट कोरी होती.

सोलांजने चौकटीकडे पाहिलं. मग भावाकडे.

"क्लोव्हिस, नंबर कुठंय?"

"पेन गोठलं होतं," क्लोव्हिस म्हणाला.