सभेची शिसवी खुर्ची आणि कोळशाची चित्रे

मित्रांनो, आधी पाठ ताठ करून बसा. मी एक जुनी शिसवी खुर्ची आहे आणि पोक काढून बसणाऱ्यांशी बोलण्याची मला सवय नाही.

मला तळेगावच्या अंबाजी सुताराने घडवले. पहिले महायुद्ध तेव्हा पेटायचे होते. अंबाजीने शिसवीच्या ओंडक्याला चार पावसाळे पाहू दिले आणि मगच त्याला करवत लावली. माझ्या हातांवर त्याने कोयऱ्या कोरल्या, पाठीवर कमळ. खिळा एकही नाही. लाकडात लाकूड बसवलेले. लोणावळ्याच्या वाचनालयात मला आणले तेव्हा मंडळी म्हणाली, "अगदी विलायती वाटते." ही प्रशंसा आहे, असा त्यांचा समज होता.

माझे स्थान अध्यक्षांचे. अध्यक्ष किती आले आणि गेले! एक तर स्वागतगीतालाच घोरू लागत. दुसरे पानाचा चुना माझ्या हाताला खालून पुसत. कोणाला दिसत नाही, अशी त्यांची समजूत. शेवटी गोपाळकृष्णपंत आले. रेल्वेच्या कचेरीतून निवृत्त झालेले. साहेबासमोर उभ्या जन्मात बसायला मिळाले नाही म्हणून की काय, ते एकदा माझ्यावर बसले की उठत नसत.

दुसऱ्या महायुद्धाचे दिवस आले आणि त्या दिवसांत मार्थाबाई लोणावळ्यात आल्या. त्या व्हिएन्नाच्या. यहुदी म्हणून त्यांना जर्मनांनी घराबाहेर काढले होते. इथे वाचनालयाचे चिटणीस माधवराव वकील यांच्या मुलीला, पद्मजेला, त्या चित्रकला शिकवीत. पण इंग्रज सरकारच्या लेखी त्या शत्रूच्या मुलखातल्या. ज्यांनी हाकलले त्यांचेच माणूस ठरवून त्यांना तारेच्या कुंपणात डांबणार होते. हे शहाणपण मोठ्या माणसांचे, मित्रांनो. मुलांना एवढे जमत नाही.

त्यातून सुटकेची वाट एकच होती. गावातल्या दोन प्रतिष्ठितांनी फौजदारांपुढे हमी घ्यायची. एक माधवराव तयार होते. दुसरा मिळेना. म्हणून त्यांनी वाचनालयात मार्थाबाईंच्या चित्रांचे प्रदर्शन भरवले. चित्रे पाहून कोणाचे तरी मन द्रवेल, ही त्यांची आशा. फौजदार संध्याकाळी येणार होते.

आता चित्रांविषयी सांगते. लपवण्याचा माझा स्वभाव नाही. ती चित्रे मला मुळीच आवडली नाहीत. काळ्या कोळशाने खसाखसा ओढलेली मावळची माणसे; माना वाकड्या, डोळे खोल, पंजे सुपाएवढे. आमच्या भिंतीवर देणगीदारांच्या तसबिरी होत्या. त्यांतली कोटाची बटणेसुद्धा मोजून घ्यावीत. इथे बटणेच काय, कोटही नव्हते. सर्वांत मोठे चित्र वडिवळ्याच्या कस्तुराबाई पाटलिणीचे. बाजाराला आल्या की त्या आमच्या ओट्यावर टेकत. तिथेच मार्थाबाईंनी त्यांना रेखाटले होते. "काढ बाई, काय काढायचं ते," कस्तुराबाई म्हणाल्या होत्या, "मी तशी बी बसायचीच हाय."

समारंभ असला की तसबिरींना हार घालायची वाचनालयाची रीत होती. त्या तसबिरी दिवंगतांच्या होत्या, हा विचार गोपाळकृष्णपंतांच्या डोक्याला शिवला नाही. माधवराव पाहुण्यांना आणायला स्टेशनवर गेले आणि इकडे पंतांनी नथू शिपायाला फर्मावले, "प्रत्येक चित्राला झेंडूचा हार. दालन कसे भरलेले दिसले पाहिजे."

नथूने हार घातले. मार्थाबाईंना वाटले, हा मान आहे. त्यांनी हात जोडले.

मग प्रतिष्ठित आले. उपरणी, काठ्या, अत्तराचा वास. "कोळसा शेगडीत शोभतो," एक म्हणाले. "आमची पोरे भिंतीवर याहून बरी काढतात," दुसरे म्हणाले. माधवरावांनी हमीचा विषय काढला की एकाला गाडीची वेळ आठवे, एकाला पथ्याची. मार्थाबाई सकाळपासून दाराशी उभ्या होत्या. त्यांना मराठी समजत होते. बसा, असे त्यांना कोणीही म्हटले नाही.

तेवढ्यात ओट्यावर रडण्याचा आवाज उठला. कस्तुराबाईंची जाऊ रतनबाई बाजारातून जाता जाता आत डोकावली होती. भिंतीवर जाऊबाई, गळ्यात हार! तिने तिथेच बसकण मारली आणि ऊर बडवायला सुरुवात केली. बातमी बाजारभर झाली. कस्तुराबाई तेव्हा मिठाच्या दुकानात होत्या. स्वतःच्या मरणाची वार्ता त्यांनी तिथे ऐकली.

त्या आल्या तेव्हा फौजदारही येऊन उभे होते.

"कुनी मारलं मला?" कस्तुराबाईंनी दारातूनच विचारले.

पंत माझ्यावर बसूनच बोलले, "बाई, या परदेशी लोकांना आपल्या चालीरीती ठाऊक नसतात. फौजदारसाहेब, मी म्हणतच होतो, असली माणसे गावात ठेवणे बरे नव्हे."

मित्रांनो, मी लाकडाची आहे. तरीही त्या क्षणी त्यांच्याखाली राहण्याची मला किळस आली.

"पंत, हे आपल्याच—" माधवराव पुढे सरले.

"वकीलसायेब, दम धरा," कस्तुराबाई म्हणाल्या. "नथू, हार घालाय कुनी सांगितलं?"

नथूने पंतांकडे पाहिले. पंतांनी खिडकीबाहेर पाहिले.

कस्तुराबाईंनी चित्रावरचा हार उतरवला आणि चालत येऊन पंतांच्या मांडीवर ठेवला. "घ्या. तुमचं तुमाला."

मेलेल्याचा हार अंगावर! पंत असे उठले की त्यांची पगडी घरंगळली. इतक्या वर्षांत ते प्रथमच कोणी न सांगता माझ्यावरून उठले.

कस्तुराबाई चित्रापुढे उभ्या राहिल्या. "ह्ये त्वांड माजं?"

"मला तुमचे हात आधी दिसले," मार्थाबाई अडखळत म्हणाल्या. "मग डोळे."

"लय कुरूप काडलंस गं," कस्तुराबाई म्हणाल्या. "पर डोळं उगडं ठिवलंस. ह्यांनी तर पार मिटवलं." मग त्या फौजदारांकडे वळल्या. "हिला कुटं नेताय?"

"तारेच्या आत. दुसरी हमी मिळाली नाही, बाई."

"मी हाय की."

"हमी प्रतिष्ठिताची लागते."

"मंग वडिवळ्याची पाटलीन कोन लागती? तुमच्या घोड्याला वैरण कुनाच्या खळ्यातनं येती, इचारा त्याला."

मागे कोणी तरी हसले. फौजदारही हसू आवरत म्हणाले, "आणि ही पळून गेली म्हणजे?"

"पळून जाईल कुटं? हिचं घरच ऱ्हायलं न्हाई."

यावर कोणी हसले नाही. फौजदारांनी टोपी काढून बगलेत धरली आणि माधवरावांना म्हणाले, "लिहून घ्या, वकीलसाहेब. दोन झाल्या."

प्रतिष्ठित मंडळी जोडे शोधू लागली. मार्थाबाई मात्र दाराशी तशाच उभ्या होत्या. सुटका झाली हे पायांना कळले नसावे. कस्तुराबाईंनी त्यांचा दंड धरला, दालनाच्या मधोमध आणले आणि माझ्यावर बसवले. "बस गं बाई. सकाळधरनं उबी हायस."

त्या अगदी कडेला टेकल्या. मोठमोठ्या अध्यक्षांचे ओझे मी वाहिले आहे. पण या बाईंचे वजन मला जाणवलेच नाही. जाणवला तो कंप. तो माझ्या चारही पायांत उतरला. अंबाजीने मला कशासाठी इतके भक्कम घडवले, ते मला त्या संध्याकाळी कळले.

युद्ध संपल्यावर मार्थाबाई बहिणीकडे दूरदेशी गेल्या. पंतांनी हार पडलेल्या खुर्चीवर पुन्हा बसायचे नाकारले आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. आता सभेला लोखंडी घडीच्या खुर्च्या आहेत. करकरतात, जशी त्यांच्यावरची भाषणे. माझा एक पाय सैल झाला आहे. पाठीवरच्या कमळात कोळ्याने घर केले आहे.

मित्रांनो, मला खाली उतरवा. पाय घट्ट करून घ्या, पण खिळा ठोकू नका. जाणता सुतार बोलवा. तेल लावा. मात्र अध्यक्षांसाठी मला राखून ठेवू नका. ती कोळशाची चित्रे मला आजही आवडत नाहीत आणि तुम्हालाही आवडलीच पाहिजेत असे नाही. पण तुमच्या दाराशी कोणी सकाळपासून उभे असेल, तर त्याची चित्रे बरी की वाईट हे मागाहून ठरवा. आधी मला पुढे सरकवा.