तात्याबा गप बसले तेव्हा

नांदूरघाटच्या तात्याबांना गप बसलेलं कुणी कधी पाहिलं नव्हतं. उभं आयुष्य त्यांनी केज ते नांदूरघाट काळीपिवळी जीप चालवली, आणि स्टँडवर 'केज, केज, केज' ओरडून जो गळा तयार झाला, तो घरातही कधी खाली उतरला नाही. गीताबाई भाजीत मीठ बरोबर आहे का विचारायच्या आणि उत्तर अख्ख्या गल्लीला कळायचं.

याचा सगळ्यात जास्त त्रास शफीला व्हायचा. शफी म्हणजे केजचा फ्रीज-एसीवाला. तात्याबांचा फ्रीज त्यांच्यापेक्षा थोडाच लहान, त्यामुळं दर उन्हाळ्यात त्याचा गॅस कुठून तरी निघून जायचा आणि शफीला बोलावणं यायचं. बारीक गळती शोधायची तर कान लावावा लागतो. शफी फ्रीजच्या मागं मान घालायचा, आणि तात्याबा नेमके तिथंच खाट ओढून सासुरवाडीपासून सरकारपर्यंत सगळ्यांचा समाचार घ्यायला बसायचे.

"तात्या, जरा गप बसा की," शफी म्हणायचा.

"मी गप बसलो तर लोक बांबू घेऊन येतील बे," तात्याबा म्हणायचे, आणि स्वतःच्याच बोलण्यावर इतका वेळ हसायचे की शफी हात टेकायचा.

मे महिन्यातल्या एका सकाळी तात्याबांनी चहा घेतला, कप खाली ठेवला, भिंतीला टेकले आणि गप बसले. गीताबाईंना ती शांतताच चमत्कारिक वाटली म्हणून त्या बाहेर आल्या. लोक आले, बांबूही आले. पण तात्याबांना लगेच उचलायचं नव्हतं. त्यांची एकुलती एक लेक सायली पठाणकोटला होती. जावई फौजेत. तिला दुसऱ्या दिवशी सकाळचं विमान मिळालं होतं, तेही संभाजीनगरपर्यंत. गीताबाईंनी सगळ्यांना बजावून ठेवलं, की पोरीनं तोंड बघितल्याशिवाय अंत्यविधी होणार नाही.

गावात अशा वेळेसाठी शीतपेटी होती. काचेचं झाकण, खाली कॉम्प्रेसर, आत माणूस मावेल एवढी जागा. गावानं वर्गणी काढून ती घेतलेली. तात्याबांना आत ठेवलं, पेटी चालू केली, उशाशी अगरबत्त्यांचा जुडगा लावला. दुपार झाली तरी पेटी नुसतीच घुर्र करत होती. तात्याबांच्या पुतण्यानं, अंगदनं, आत हात घालून पाहिला आणि त्याचा चेहरा उतरला. बाहेर ऊन मी म्हणत होतं. बर्फ आणायला माणूस पिटाळला, तर केजमधला सगळा बर्फ लग्नांच्या मठ्ठ्यात गेलेला. कशीबशी अर्धी लादी मिळाली. मग अंगदनं शफीला फोन केला.

शफी गॅसची टाकी मोटरसायकलला बांधून आला तेव्हा ओसरीत मोठी माणसं बसली होती. मधल्या खुर्चीवर सुंदरराव होते. सुंदरराव म्हणजे भागातले पुढारी. त्यांना विचारल्याशिवाय नांदूरघाटात लग्न ठरत नाही आणि मयतही उठत नाही. त्यांचं म्हणणं पडलं होतं, की या उन्हात थांबणं बरं नाही. दिवस मावळेपर्यंत पेटी गार झाली तर ठीक, नाही तर पोरीला फोनवर दाखवायचं आणि उरकून घ्यायचं. बाकीच्यांनी माना हलवल्या.

गीताबाई पेटीच्या पायथ्याशी बसल्या होत्या. सकाळपासून त्यांच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. आल्या-गेल्या बायका त्यांच्या गळ्यात पडून रडायच्या, त्या पाठीवरून हात फिरवून त्यांचीच समजूत घालायच्या. शफी शेजारी उकिडवा बसला तशा त्या हळूच म्हणाल्या, "काल ह्यांना पोरीचा फोन आलता. अण्णा, तुमाला एक गोष्ट सांगायची हाय, म्हणत होती. ह्यांनी बोलू दिलं तर ना. घंटाभर हेच बोलले आन् वर म्हणले, तुझं उद्या सांग." त्यांनी काचेकडं पाहिलं. "तिला तेवढं त्यांच्या तोंडासमोर सांगू दे, शफी. फोनवर न्हाई."

शफीनं मान हलवली आणि कामाला लागला.

गॅस गेलाय हे त्याला दाबाचं गेज लावताच कळलं. नवा गॅस भरणं सोपं होतं, पण भोक सापडल्याशिवाय भरला तर रात्रीपर्यंत तोही गेला असता, आणि तेवढीच एक टाकी होती. आधी त्यानं नवं यंत्र काढलं. गॅसचा वास लागला की ते टिकटिक करतं, भोकाजवळ नेलं तर किंचाळतं. शफीला त्या यंत्राचा मोठा अभिमान. पण ओसरीत पाय ठेवल्यापासून ते जे किंचाळायला लागलं ते थांबेना. अगरबत्तीपाशी किंचाळलं, कापरापाशी किंचाळलं, आणि सुंदररावांच्या अंगावरच्या सेंटपाशी तर सगळ्यात जास्त. अंगदला हसू आवरेना, तो पाणी आणायच्या निमित्तानं आत पळाला. अगरबत्त्या विझवायचं नाव काढताच एका म्हातारीनं शफीकडं असं पाहिलं, की त्यानं यंत्र गुमान पिशवीत टाकलं.

मग साबण. फेस करून नळीच्या जोडांना लावायचा, जिथं बुडबुडा धरतो तिथं भोक. शफीनं सवयीनं साबण मागितला आणि ओसरी चपापली. सुतकाच्या घरात साबण कोण काढतो? त्याच म्हातारीनं पुन्हा पाहिलं. शेवटी शेजारच्या घरातून वडी आली. शफीनं दिसतील तेवढे जोड फेसानं माखले, नाक टेकवून पाहिलं. कुठं बुडबुडा नाही. म्हणजे गळती बाहेर नव्हती, पेटीच्या दोन पत्र्यांच्या मधून जी थंड नळी फिरते, तिच्यात होती. सगळा पत्रा फाडायचा तर आत तात्याबा, आणि त्यांना आता हलवायचं नाही असं गीताबाईंचं म्हणणं.

राहिला कान. शफीनं नळीत थोडा गॅस सोडला, कॉम्प्रेसर बंद केला, पंखा बंद करायला लावला, स्क्रू पिळायच्या लांब पेचकसाचं टोक पत्र्याला टेकवलं आणि मूठ कानाशी धरली. नेमकी त्याच वेळी तात्याबांच्या धर्मापुरीच्या बहिणीची गाडी दारात आली. बहिणीनं उंबऱ्यातूनच हंबरडा फोडला आणि आतल्या सगळ्या बायकांनी तिला साथ दिली. 'कुठं गेलास रं माझ्या दादा' म्हणून जो गळा निघाला, त्यात पेचकस काय, ट्रॅक्टर चालू असता तरी ऐकू आला नसता. शफी थांबला. जरा ओसरलं की पुन्हा कान लावायचा, की आणखी एक गाडी. बाहेर उन्हाची तिरीप भिंतीवरून वर सरकत होती.

मयताच्या घरात रडू नका असं कसं सांगायचं? आणि सांगायचं कुणी? शफीनं अंगदकडं पाहिलं, अंगदनं छताकडं. शफीनं सुंदररावांकडं पाहिलं. ज्या माणसाला भर सभेत माईक सोडवत नाही, तो हलक्या आवाजात म्हणाला, की बायांच्या रडण्यात आपण पुरुषांनी पडू नये.

शफीला खरंच रडू फुटायची वेळ आली. या तात्यांनी जिवंतपणी कधी ऐकू दिलं नाही आणि आता गप बसले तर गाव ऐकू देत नाही. त्यानं पेचकस खाली ठेवला आणि गीताबाईंच्या कानाशी जाऊन सगळं सांगितलं. गळती आत आहे, आवाज अगदी बारीक आहे, श्वास रोखला तरच ऐकू येईल.

गीताबाई उठून उभ्या राहिल्या. सकाळपासून बसून त्यांचे गुडघे धरले होते, पेटीचा आधार घेऊन त्या सरळ झाल्या.

"समद्या गप बसा," त्या म्हणाल्या. आवाज मोठा नव्हता, पण लोकांना त्यांचा आवाज मुळात माहीतच नव्हता. "ह्या माणसानं उभ्या जन्मात मला बोलू दिलं न्हाई, मी ऐकून घेतलं. आता मी सांगते तेवढं तुमी ऐका. माझी लेक येस्तोवर कुणी रडायचं न्हाई. तिचं बोलणं ऱ्हायलंय."

धर्मापुरीच्या बहिणीनं तोंडात पदर धरला. एकेक गळा थांबत गेला. ओसरीत असं शांत झालं, जसं त्या घरात कधीच झालं नव्हतं.

शफीनं पेचकस टेकवला आणि डोळे मिटले. डोक्याच्या बाजूला काही नाही. कोपऱ्यात काही नाही. तो गुडघ्यावर पुढं सरकत राहिला, आणि सरकता सरकता त्याच्या मनात आलं, की काचेपलीकडं तात्या आहेत आणि तात्यासुद्धा बोलत नाहीत. तात्या, गप बसा म्हणालो ते एवढं मनावर घ्यायला नव्हतं पाहिजे, तो मनात म्हणाला. आणि तेवढ्यात मुठीतून कानात आलं. सुस्स. अगदी बारीक.

त्यानं डोळे उघडले. पेचकसाचं टोक सुंदररावांच्या फोटोवर होतं.

आता हा फोटो तिथं कसा, तर पेटी गावानं घेतली होती, पण गेल्या निवडणुकीआधी सुंदररावांनी तिला चाकं बसवून दिली. चाकं चार, आणि त्यांचा फलक पेटीच्या अख्ख्या लांबीचा. फलकावर 'सौजन्य', त्याखाली हात जोडलेले सुंदरराव. फलक ठोकला तेव्हा तात्याबा हजर होते. आत झोपणारा वर बघतो, त्याला तुझा फोटो दिसणार कसा, असं त्यांनी सुंदररावांना चारचौघांत विचारलं होतं. फलक मधोमध फुगत होता म्हणून कुणा हौशी कार्यकर्त्यानं तिथं एक लांब स्क्रू पिळला, बरोबर जोडलेल्या हातांच्या मध्ये. तो स्क्रू पत्र्यातून आत गेला आणि नळीला लागला. इतके दिवस त्यानंच भोक कसंबसं धरून ठेवलं होतं.

"साहेब," शफी म्हणाला, "फलक काढावा लागतोय."

सगळी ओसरी सुंदररावांकडं पाहू लागली. सुंदरराव खुर्चीतून उठले, चष्मा लावून वाकले, स्वतःच्या जोडलेल्या हातांकडं पाहत राहिले. मग काचेतून तात्याबांकडं पाहिलं.

"काढ," ते म्हणाले. "जित्तेपणी ह्याला माझा फोटो बघवत नव्हता. आता कशाला त्याच्या अंगाला चिकटून ऱ्हावं मी?" आणि शफीच्या हातातून पेचकस घेऊन पहिला स्क्रू त्यांनी स्वतःच काढला.

पुढचं काम शफीच्या हातातलं होतं. मधला स्क्रू काढताच उरलासुरला गॅस फुस्सकन निघून गेला. त्यानं बाहेरच्या पत्र्याला खिडकीएवढं तोंड पाडलं, आतला फोम खरवडला, नळी घासून लख्ख केली. मयताशेजारी आग पेटवून नळीला धातूचा डाग द्यायची सोय नव्हती, म्हणून त्यानं धातूला बसणारी लांबी, म्हणजे पुट्टी, मळली, भोकावर दाबून बसवली आणि वाळेपर्यंत बोट काढलं नाही. नळीतली हवा ओढून काढली, गॅस भरला, पुन्हा पेचकस लावून ऐकलं. उन्हाची तिरीप भिंतीवरून निघून गेली तेव्हा पेटीच्या आतल्या पत्र्यावर बर्फाची पांढरी साय धरायला लागली होती. सुंदररावांनी हात लावून पाहिला आणि 'उद्या भेटू' म्हणून चपला शोधल्या. शफीनं बायकोला, गौसियाला, फोन करून सांगितलं, की आज घरी येत नाही, लांबीचा भरवसा नाही. तात्यांच्या फ्रीजच्या गोष्टी गौसियानं पुष्कळ ऐकल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी ऊन डोक्यावर आलं तेव्हा भाड्याची गाडी आली. गल्ली अरुंद, दोन्ही बाजूंनी लोक, पण चालवणारानं न बिचकता गाडी आत घेतली, नालीशी खेटून बरोबर दारात लावली. अंगद मागचं दार उघडायला धावला. मागं कुणीच नव्हतं. जावई डाव्या बाजूनं उतरला. आणि स्टिअरिंगवरून सायली उतरली.

बायका ओसरीत दाटल्या होत्या. कुणीही गळा काढला नाही. काल गीताबाईंनी सांगितलेलं सगळ्यांच्या लक्षात होतं.

सायली पेटीपाशी आली आणि खाली बसली. काचेवर दव होतं, ते तिनं तळहातानं पुसलं. आत तात्याबा काल सकाळी जसे होते तसेच होते, मिशीसकट. तिच्या मुठीत गाडीची चावी होती. ती तिनं काचेवर त्यांच्या तोंडासमोर ठेवली.

"अण्णा," ती म्हणाली, "मला लायसन मिळालं. परवा फोनवर तेच सांगत होते. तुमी कवाच स्टिअरिंगला हात लावू दिला न्हाई, म्हणून तिकडं शिकले." तिनं नाक ओढलं. "संभाजीनगरपासून मीच चालवत आणली. घाटात पण."

खालचा कॉम्प्रेसर खट करून बंद पडला. शफी दारात उभा होता, त्याचा हात आपसूक पिशवीकडं गेला आणि मग थांबला. पेटी पुरेशी गार झाली की ती स्वतःहूनच बंद पडते. ओसरीत पुन्हा कालच्यासारखी शांतता झाली. सगळे जण तात्याबांकडं पाहत होते, जणू ते आता काहीतरी बोलतील. इतका वेळ त्यांनी कधी कुणाचं ऐकून घेतलं नव्हतं.

गीताबाईंनी लेकीच्या डोक्यावर हात ठेवला.

"सांगून झालं?" त्यांनी विचारलं.

सायलीनं मान हलवली. तेव्हा गीताबाई पहिल्यांदा रडल्या, आणि त्यांचा आवाज अर्ध्या गल्लीला ऐकू गेला.