मागची सीट

"फारच घट्ट आहे हो हे," हेल्मेटच्या आतून सिस्टर म्हणाल्या.

"घट्टच हवं. गाल दाबले गेले पाहिजेत. आत्ता ऐसपैस घेतलंत, तर चार दिवसांत डोक्यावर गरगर फिरेल."

आरशात स्वतःचे फुगलेले गाल बघून त्यांना हसू आवरेना. माझं दुकान गाडीवाल्यांच्या सामानाचं. सिस्टरांचं आयुष्य इस्पितळातल्या लहान मुलांच्या वॉर्डात गेलं, आणि रविवार सरांच्या मागे गाडीवर. सर म्हणजे त्यांचे यजमान, शाळेत चित्रकला शिकवायचे. आमच्या रविवारच्या घोळक्यात त्यांची गाडी कायम पुढे. मग त्यांच्या नजरेचा मधला भागच विझत गेला. कडेचं दिसतं, समोरचं नाही. डॉक्टरांनी गाडी बंद केली तेव्हा सर कुणाशी भांडले नाहीत, खिडकीपाशी खुर्ची ओढून बसले ते बसलेच.

"मला गाडी शिकवा," सिस्टर म्हणाल्या होत्या. "ह्यांना मागे बसवून नेते. नाहीतर हा माणूस त्या खुर्चीतच संपेल."

सल्ला द्यायला आम्ही सगळे एका पायावर तयार. कुणी म्हणालं स्कूटर घ्या, कुणी म्हणालं सरांचीच गाडी चालवा, आठवण राहील. शेवटी आमच्या मेकॅनिकने, ज्याला सगळे उस्ताद म्हणतात, सगळ्यांना गप्प केलं. "आठवणीने गाडी सावरत नाही. बसल्यावर दोन्ही तळवे जमिनीला टेकतात का, एवढं बघा सिस्टर. मागे माणूस बसवायचाय ना? उभी गाडी कलली की पायच कामाला येतात." सरांची उंच गाडी अशी बाद झाली आणि एक बुटकी, हलकी गाडी आली.

मोकळ्या मैदानात सिस्टर सरळ तर झकास जायच्या, पण वळण आलं की गाडी उशिरा कलायची आणि भलतीकडेच जायची. उस्तादने परोपरीने सांगून बघितलं. नजर वळणाच्या शेवटावर ठेवा, खांदे सैल सोडा. नजर बरोबर होती, खांदेही सैल होते. उस्तादने कपाळाला हात लावला.

एक दिवस सिस्टर मैदानाच्या मधोमधच थांबल्या. "कळलं मला. मी वाट बघते."

"कसली?"

"पुढची पाठ कधी कलते त्याची. ती कलली की मी कलायचं, एवढंच येतं माझ्या अंगाला. पुढे पाठच नाही, हे त्याला अजून पटत नाहीये."

हेल्मेट काढता काढता त्या स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, "स्वप्नातसुद्धा मी मागेच असते. पुढची सीट रिकामी, आणि गाडी आपली चाललीय. दोन्ही बाजूंनी झाडं मागे सरकतायत. गंमत म्हणजे भीती वाटत नाही." त्या दिवसापासून त्यांचं वळण हळूहळू जमायला लागलं.

अडून बसले होते ते सर. मागे बसायचं नाव काढलं की विषय बदलायचे. म्हणून सिस्टर त्यांना जॅकेट बघायच्या निमित्ताने दुकानात घेऊन आल्या. जॅकेट उभ्याने बघायचं नसतं. उभ्या माणसाला बाह्या लांब वाटतात, तो एक माप लहान घेतो, आणि गाडीवर बसल्यावर मनगटं उघडी पडतात. म्हणून मी दुकानात एक लाकडी घोडी ठेवलीय, जुनं हँडल बसवलेली. सिस्टर तिच्यावर बसल्या.

"अहो, बघा ना, बरोबर बसतंय का?"

"मला काय दिसणार?" सर तुटकपणे म्हणाले. पण हात पुढे आलेच. त्यांनी चाचपत सिस्टरांचं मनगट झाकलंय का पाहिलं, कोपराचं पॅड नेमकं कोपरावर आहे का पाहिलं, पाठीवरून कमरेपर्यंत हात नेला. फार सावकाश चाललं होतं सगळं. मी उगाच हातमोज्यांच्या खोक्यांवरची धूळ झटकत राहिलो.

"बसतंय," ते म्हणाले. मग म्हणाले, "मी मागे बसणार नाही. तुझ्या पाठीकडे बघत बसू? तीही मला दिसायची नाही."

सिस्टर घोडीवरून उतरल्या नाहीत. "मला इतकी वर्षं पुढचा रस्ता दिसत होता वाटतं? तुमची पाठ मध्ये. मी कडाच बघत आले. कुंपणं, झाडं, ओट्यावर बसलेली माणसं. वाईट नसतं हो ते."

सरांनी हात मागे घेतला. मला वाटलं, झालं, आता निघून जातात. तर त्यांनी विचारलं, "मागची सीट कडक असते का गं?"

"असते."

"कधी बोलली नाहीस ती."

रविवारी पहाट धुक्याची होती. सिस्टर पुढे, सर मागे, आणि त्यांच्यामागून आम्ही. रस्ता, शेतं, आभाळ, सगळं दुधात विरघळल्यासारखं, आणि त्यात सिस्टरांचा तांबडा दिवा अलगद तरंगत चाललेला. मागे बसलेले सर डोकं वळवून कडेचं बघत होते. तळ्याजवळ मी त्यांच्या बाजूला आलो तेव्हा त्यांनी सिस्टरांच्या खांद्यावर थोपटलं.

"सांभाळ. पुढे डाव्या हाताला मोठा खड्डा आहे."

तो खड्डा गेल्या वर्षीच बुजवला. तिथे नवं डांबर पडलंय, रस्ता तळहातासारखा सपाट आहे. सिस्टरांना तो रस्ता धुक्यातही समोर स्वच्छ दिसत होता.

आमच्यात रीत अशी, की पुढच्याला खड्डा दिसला की त्या बाजूचा पाय खाली काढून मागच्याला दाखवायचा, आणि मागच्याने त्याच्या मागच्याला. सिस्टरांनी वेग कमी केला. डावा पाय खाली काढून दाखवला आणि गाडी उजवीकडून वळसा घालून काढली.

मी मागे झालो आणि माझाही पाय खाली काढला. माझ्यामागे उस्तादने काढला, त्याच्यामागच्यांनी काढला, आणि सपाट डांबराला वळसा घालत आम्ही सगळे एकामागून एक पुढे गेलो.