टर्बोवरचा पत्रा

गुंडू मिस्त्रीनं रवळूकडं बोट दाखवून "ह्यानंच इंजिनावर पाणी मारलंय" असं म्हटलं, तेव्हा मी त्याच्या गॅरेजात एका जुन्या टायरवर बसलो होतो आणि माझ्या मांडीवर गाडीचं माहितीपुस्तक होतं. पानात खूण घातलेली होती. मी ते पान उघडलं नाही. त्या गोष्टीला आता दोन महिने होतील, पण रात्रंदिवस मला तो टायर आठवतो आणि अंगाची आग होते.

मी बेळगावातल्या एका कॉलेजात एकतीस वर्षं ग्रंथपाल होतो. इंजिनातलं मला काही कळत नाही, हे आधीच सांगून टाकतो. घरात कुणी जोरात बोललं तरी मी पुस्तकात तोंड घालणारा माणूस. माझा मुलगा आशुतोष वकील आहे. दर मंगळवारी निपाणीच्या कोर्टात त्याची कामं असतात. तिथल्या एका जुन्या वाचनालयाच्या पुस्तकांची यादी मी करून देतोय, म्हणून मीही बरोबर जातो. गाडी रवळू चालवायचा. हा जवळच्या बेळगुंदी गावचा, पन्नाशीचा माणूस. वीस वर्षं ट्रकवर काढलेली, आमच्याकडं येऊन चार वर्षं झालेली.

गाडी मागच्या वर्षी घेतली. इंजिन लहान, पण टर्बोवालं. म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तापलेल्या धुरावर एक छोटी चक्की फिरते आणि ती इंजिनात जास्त हवा कोंबते. त्यामुळं लहान इंजिन मोठ्यासारखं ओढतं. पण ती चक्की भयंकर तापते, आणि तिच्या शेजारूनच गाडीच्या नाजूक वायरी आणि सेन्सर गेलेले असतात. हे सगळं मला नंतर, वाचून कळलं.

निपाणीहून परत येताना तवंदीचा घाट चढला की रस्त्याकडेला म्हसोबाचं एक लहानसं देऊळ लागतं. तिथं थांबायचं, इंजिन बंद करायचं, उतरून नारळ फोडायचा, ही आमच्या घरची रीत. देवापुढं गाडी घुरघुरत ठेवू नये असं माझे वडील भाड्याच्या गाडीच्या ड्रायव्हरलासुद्धा सांगायचे.

एप्रिलच्या पहिल्या मंगळवारी दुपारी साडेतीनला आम्ही तिथं थांबलो. रस्त्यावरून झळा निघत होत्या. रवळू म्हणाला, "सर, दोन मिन्टं चालू ऱ्हाऊ दे की. घाट चढून आलीय, लई तापलीय ती."

"देवापुढं नको रे," मी म्हटलं.

"देव काय म्हणायचा न्हाय, सर."

"बंद कर."

त्यानं बंद केली. नारळ फोडून दहा मिनिटांनी आलो तर गाडी सुरू झाली, पण नारिंगी दिवा लागला आणि अंगात जीवच नाही. रवळूनं बॉनेट उघडलं. पाऊण तासानं, गार झाल्यावर, जणू काही झालंच नव्हतं अशी ती धावायला लागली. हिंडलगा रोडच्या गुंडूनं एक सेन्सर बदलला.

मी घरी येऊन माहितीपुस्तक वाचलं. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. आमच्या घरात ते वाचणारा मी एकटाच असणार. त्यात स्पष्ट लिहिलं होतं की चढ चढून आल्यावर टर्बोचं इंजिन लगेच बंद करू नये, एखाद मिनिट तसंच चालू ठेवावं. नाहीतर आत फिरणारं तेल आणि पाणी थांबतं आणि सगळी उष्णता शेजारच्या वायरींवर चढते. चित्रात टर्बोवर एक चंदेरी पत्रा होता, उष्णता अडवणारा. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आमच्या गाडीचं बॉनेट उघडून बघितलं. पत्रा नव्हता. बोल्टची तीन भोकं रिकामी होती. फेब्रुवारीत तेल गळत होतं म्हणून गुंडूनंच तिथलं काम केलं होतं.

आता कुणीही शहाणा माणूस मुलाला हाक मारून सांगेल. मी पानात खूण घातली आणि पुस्तक मिटलं. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकत असेल. चित्र दुसऱ्या मॉडेलचं असेल. आणि खरं सांगायचं तर, ते पान दाखवलं असतं तर गाडी बंद कर म्हणणारा कोण, हेही निघालं असतं.

पुढच्या मंगळवारी उशीर झाला म्हणून आम्ही देवळापाशी थांबलो नाही. गाडी एकदाही कुरकुरली नाही. तिसऱ्या मंगळवारी थांबलो. रवळूनं आरशातून माझ्याकडं बघितलं. मी बंद कर म्हणून मान हलवली आणि त्यानं किल्ली फिरवली. पुन्हा तेच झालं. या खेपेला आशुतोषला बेळगावात एका अशिलाच्या खरेदीखतासाठी पोचायचं होतं. नोंदणीचं ऑफिस बंद झाल्यावर आम्ही पोचलो. तो तसाच आम्हाला घेऊन गुंडूकडं गेला. उतरताना मी गाडीतलं माहितीपुस्तक बरोबर घेतलं.

"अमावशेला गाडी कोण धुतंय?" गुंडूनं विचारलं. पाच-सहा कामगार आणि दोन-तीन ड्रायव्हर हातातली कामं टाकून जमले होते.

"मीच धुतोय की," रवळू म्हणाला.

"बॉनेट उघडून?"

"पूजेला उघडतोय. आत फडक्यानं पुसतोय. पाणी मारत न्हाय."

"मग कोरडीच पूजा करतोस व्हय रं? फुलानं शिपडत न्हाईस?"

"शिपडतोय. चार थेंब. चार थेंबानं गाडीतला कंप्युटर जळत असंल तर पावसात गाड्या न्हेऊच नका म्हणावं लोकास्नी."

ड्रायव्हर हसले. गुंडूला ते लागलं. "वकीलसाहेब, ट्रकवाला हाय त्यो. ट्रकाला धुतोय तसं पाइप लावून धुतलंय. कनेक्टरात पाणी गेलंय. मी वीस वरसं हेच करतोय, मला कळत न्हाय व्हय?"

आशुतोष दमलेला होता, चिडलेला होता. "रवळू, दोनदा झालं हे. किल्ली दे. उद्यापासून येऊ नकोस."

रवळूनं माझ्याकडं बघितलं. एकदाच. मग किल्ली बॉनेटवर ठेवली, सीटखालचा डबा आणि टॉवेल काढून घेतला.

त्याच वेळी मला तो पत्रा दिसला. गॅरेजच्या भिंतीवर देवाची फळी होती. तिच्यावर उदबत्तीच्या घराखाली राख पडायला ठेवलेला चंदेरी, नक्षी दाबल्यासारखा पत्रा. तीन भोकांचा.

"आशुतोष, मला वाटतं की..." मी म्हटलं.

"बाबा, नंतर."

"बरं," मी म्हटलं.

रवळू तोवर रस्त्यापलीकडं रिक्षा थांब्याशी पोचला होता. जमलेल्यांपैकी एक ओरडला, "रवळूआण्णा, कंप्युटर जपून गा!" आणि सगळे हसले.

त्या "बरं"चा मला जो राग आला तो मला कुठं काढावा ते कळेना. रागवायचीही मला सवय नाही. शुक्रवारी सकाळी मी चहाचा कप आपटला, तर केतकीनं, माझ्या सुनेनं, विचारलं, "साखर कमी झाली का बाबा?" मी म्हटलं, "नाही गं, छान झालाय." आणि तोच कप धुऊन ठेवला. यादीच्या कागदांवर काम करायला बसलो तर अक्षर दिसेना. एका माणसानं मला सांगितलं होतं, दोन मिनिटं थांबा. मी त्याला देवाचं नाव सांगून गप्प केलं. आणि त्यानं चारचौघांत माझं नाव घेतलं नाही.

शनिवारी आशुतोष गाडी आणायला निघाला तेव्हा मी पुस्तक घेऊन बरोबर गेलो. गुंडूनं आणखी एक नवा सेन्सर घातला होता. तो सांगत होता, "आता काय होत न्हाय बघा. फकस्त ड्रायव्हर धड ठेवा."

मी देवाच्या फळीपाशी गेलो. उदबत्तीचं घर बाजूला ठेवलं आणि पत्रा ओढला. राख माझ्या शर्टावर सांडली.

"आवो सर! देवाचं हाय त्ये!" एक कामगार ओरडला.

"देवाचं नाही!" मी ओरडलो. माझा आवाज फाटला, बायकी झाला, पण थांबला नाही. "हे टर्बोवरचं आहे! हे बघ चित्र. तीन भोकं. आणि आमच्या गाडीत तिथं काय आहे? काय आहे? मोकळं!"

गुंडूनं आधी माझ्याकडं आणि मग आशुतोषकडं बघितलं. "आवो, असले ढीग पडल्यात मागं. सगळ्याच टर्बोचे काढतोय मी. बोल्ट गंजून तुटतोय, परत बसवायला तास जातोय. पत्र्यावर चालतीय व्हय गाडी?"

"सगळ्यांचे काढतोस?"

"पत्रा खडखडतोय म्हणून गिऱ्हाइकच बोंबलतंय की."

मी बॉनेटखाली हात घातला. टर्बोशेजारून जाणारी वायर चिमटीत धरली. तिच्यावरचं काळं आवरण एका बाजूनं सुकून गेलं होतं, बोट लावताच त्याचा चुरा झाला. शंभर वर्षांच्या पुस्तकाच्या पुठ्ठ्याचा असाच चुरा होतो. तेवढं तरी मला आयुष्यभर कळत आलंय. "ही वायर पाण्यानं अशी झाली? सांग ना. पाण्यानं करपते?"

माझ्या सत्तर वर्षांत मी कुणाला "सांग ना" असं म्हटलेलं नव्हतं.

आशुतोषनं माझ्या हातातलं पुस्तक घेतलं, खुणेचं पान वाचलं. मग साक्षीदाराला विचारावं तसं मला विचारलं, "हे तुम्हाला कधी कळलं?"

"पहिल्याच खेपेनंतर."

"मंगळवारी इथं बसला होतात तेव्हा?"

"माझ्या मांडीवर होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"मला वाटलं, मला काय कळतंय." मग उरलेलंही सांगितलं. "घाटावर इंजिन बंद कर म्हणून मी सांगितलं. तो नको म्हणत होता. दोन मिनिटं मागत होता. तू मागं फोनवर होतास."

"मी त्याला या सगळ्यांसमोर किल्ली मागितली, बाबा!" आशुतोषचा चेहरा लाल झाला.

"मागितलीस. विचारलं काहीच नाहीस."

तो माझ्याकडं बघत राहिला. मीही नजर खाली घातली नाही. मग तो वळून गुंडूला म्हणाला, "पत्रा बसव. नवे बोल्ट घाल. वायर बदल आणि वरून उष्णता न लागणारं आवरण घाल. मी इथंच उभा आहे." गुंडू बोल्टचे पाने शोधत पुटपुटला, "सर मुकं हाय असं वाटत हुतं मला."

रविवारी आम्ही बेळगुंदीला गेलो. रवळू घराच्या कट्ट्यावर बसला होता. "या" म्हणाला नाही. त्याच्या बायकोनं, रुक्माबाईनं, पाण्याचे तांबे आणून ठेवले आणि ती दारातच उभी राहिली. आशुतोषनं माफी मागितली. मी जे घडलं ते सगळं सांगितलं, पत्र्यापासून "बरं"पर्यंत.

रवळू ऐकत होता. मग म्हणाला, "मला ठावं व्हतं, सर. पत्रा काढलाय त्ये न्हाय ठावं, पर बंद केल्यावरच हुतंय त्ये ठावं व्हतं."

"मग तू बोलला का नाहीस?"

"मी?" तो उठून उभाच राहिला. "मी बोलून कोण ऐकणार? मी ट्रकवाला. म्हाताऱ्या माणसावर ढकलतोय म्हणले असते. तुम्ही पुस्तकं वाचल्याली माणसं. तुमच्याकडं बघितलं त्ये उगंच बघितलं व्हय? तुम्ही बोलायचं व्हतं!"

"चुकलं माझं."

"हितं म्हणून काय उपेग? हितं कट्ट्यावर कोण ऐकतंय? म्हशी?"

रुक्माबाई म्हणाली, "बुधवारी हिंडलग्यात एक ड्रायव्हर ह्यांस्नी विचारत हुता, आज कुणाचा कंप्युटर जाळलासा म्हणून. तवापास्नं चार दिस घराभायेर पडलं न्हाईत."

तेव्हा मला कळलं की नोकरीचा प्रश्न लहान होता. रवळू म्हणाला, "गाडी चालवीन. पर आधी गुंडूच्या गॅरेजात, त्याच माणसांपुढं सांगायचं. दोघांनी."

सोमवारी आम्ही दोघांनी सांगितलं. आशुतोष कोर्टात बोलतो तसा बोलला. मी दोनच वाक्यं बोललो: रवळूनं पाणी मारलं नाही. इंजिन मी बंद करायला लावलं. गुंडू तोंड वाकडं करून पाना पुसत राहिला, पण जो रिक्षा थांब्याकडं बघून ओरडला होता त्या ड्रायव्हरनं खाली बघितलं. रवळू दारात उभा होता. आशुतोषनं बॉनेटवर ठेवलेली किल्ली त्यानं पुढं येऊन उचलली.

दुसऱ्या दिवशी निपाणीहून परतताना आम्ही घाट चढलो. ऊन तसंच होतं. देवळापाशी रवळूनं गाडी बाजूला घेतली आणि इंजिन चालूच ठेवलं. मी सवयीनं दाराच्या कडीला हात घातला. मग काढून घेतला. इंजिनाची घुरघुर ऐकत आम्ही तिघं बसलो. नारळ माझ्या मांडीवर होता. रवळू मनगटावरच्या घड्याळाकडं बघत होता, आरशाकडं नाही.

पूर्ण दोन मिनिटं झाल्यावर त्यानं किल्ली फिरवली.

"उतरा आता," तो पुढंच बघत म्हणाला. "म्हसोबा न्हाय रागावलेला, सर. मी रागावलोय."

मी उतरलो आणि नारळ फोडायला गेलो. अर्धी वाटी मी त्याला द्यायला आणली, ती त्यानं घेतली आणि माझ्याकडं न बघता डॅशबोर्डवर ठेवली. गाडी पहिल्याच किल्लीला सुरू झाली.