उंटाची बदली

बेकरीच्या बास्केटबॉल संघातला सगळ्यात उंच गडी ‘उंट’ शीतगृहात नोकरीला लागला आणि त्यांच्याच संघातून खेळू लागला. त्या संघाने बेकरीला आधीच सलग नऊ वेळा धूळ चारली होती. उंटाच्या जागी संघाचे प्रशिक्षक असलेल्या भट्टीवाल्या मास्तरांना मिळाला बिस्किटं भरणारा बुटका ‘लवंगी’.

“दाजी, दहावा सामना हरलात की तुमची शिट्टी माझ्याकडे,” मास्तरांचा मेहुणा म्हणाला. “ताईला विचारून ठेवलंय मी.”

सामना सुरू झाला आणि बेकरीच्या पोरांनी पहिले तीन चेंडू सवयीने उंटाकडेच दिले. त्यानेही ते आनंदाने घेतले. पुढे लवंगीने समोरच्यांच्या काखेखालून पळत बरीच भरपाई केली. शेवटचे दहा सेकंद उरले, तेव्हा बेकरी एकाच गुणाने मागे होती. लवंगी चेंडू घेऊन निघाला, पण बास्केटखाली उंट हात पसरून उभा! मास्तरांचा धीर सुटला आणि पाच वर्षांची सवय तोंडातून बाहेर पडली, “अरे उंटा, मागे ये की!”

“आलो मास्तर!” म्हणत उंट इमानाने थेट मास्तरांपाशी धावत आला. लवंगीने मोकळ्या बास्केटात चेंडू टाकला आणि भोंगा वाजला.

शीतगृहाचे साहेब तणतणत आले. “घेऊन जा तुमचा उंट!”

“छे हो! पाच वर्षांत तो आमच्या इतका कामी कधी आला नव्हता. राहू द्या तिकडेच.” मास्तरांनी मेहुण्याकडे प्रेमाने पाहिलं. “आणि साहेब, तुम्हाला एखादा शिट्टीवाला हवाय का?”