कळ्या गळणारा वेल

मुलाचं, ललितचं, वागणं मालनबाईंना कुसळासारखं सलत होतं. दवाखान्याची तारीख आली की याला नेमकं कळवणला रोपं आणायला जायचं सुचे. तीन तारखा झाल्या, तिन्ही वेळा रोपं. आज तर फोनही बंद.

शेवटी सुनेला, निकिताला, घेऊन त्या स्वतःच गेल्या. लग्नाला सहा वर्षं झाली, पाळणा हलला नव्हता. मालनबाईंनी नवस केले, काढे पाजले, आणि पुतणीच्या डोहाळजेवणात निकिताला ओटी भरू न देता मागं पुऱ्या लाटायला बसवलं. पोरीनं हूं की चूं केलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी कागद चाळले. "आजी, हिच्या सगळ्या तपासण्या चांगल्या आहेत. नवऱ्याची एकही नाही. वर्षभरात दिवस राहिले नाहीत तर दोघांनी यायचं. बाई पस्तिशीपुढची असेल तर सहाच महिने थांबायचं."

"त्याला काय धाड भरलीय? पोतं उचलतो पन्नास किलोचं!"

"पोत्यानं काही कळत नाही. अशा जवळजवळ निम्म्या जोडप्यांत पुरुषातही काहीतरी कमी निघतं. पुष्कळदा इलाजही असतो."

परतीच्या बसमध्ये निकिता एवढंच म्हणाली, "आत्याबाई, त्यांना रागावू नका."

मालनबाईंना ती ओटी तेवढी आठवत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या कारल्याच्या मांडवात होत्या. किडीसाठी लावलेल्या जाळीआड मधमाशी येत नाही, म्हणून नर फूल खुडून एकेका मादी फुलाला टेकवत चालल्या होत्या. मागून निकिता. तेवढ्यात ललित आला.

"आई, खालच्या ओळीत कळ्या गळतायत. वेलच वांझ निघाला. उपटतो."

मालनबाईंचा हात थांबला. निकितानं मान खाली घातली.

"नर फूल बघितलं का आधी?"

"नाही."

"सात वर्षांचा होतास तवा शिकवलं होतं तुला. वेलाला नाव ठेवायच्या आधी नर फूल बघायचं. मळ्यात शिकवलं अन् घरात मीच इसरले. सहा वर्षं या पोरीला बोल लावला, ते पाप माझं हाय. पण तू लपलास, ललित. बायकोच्या पदराआड लपलास. आता रोपं नाय अन् कळवण नाय. उद्या नऊ वाजता तपासणीला तू आत जायचं. मी दाराशी बाकावर बसणार हाय."